जब्बारचाचांची खोकी

धुळ्याच्या आमच्या गाड्यांच्या शोरूममध्ये बारकोड आला, तेव्हा सगळ्यात आधी भांडले ती मी. मी सुलक्षणा, पार्ट्सच्या काउंटरवर बसते. माझं तोंड जरा चालतं, हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक आहे. नवे मॅनेजर नीलेशसाहेब म्हणाले होते, "महिनाभर मशीन वापरून बघू. ज्यांना जमणार नाही, त्यांना गेटवर बसवू." ज्यांना म्हणजे जब्बारचाचांना, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती. आमच्याकडे गेट म्हणजे घरी पाठवण्याच्या आधीची पायरी.

चाचा आमचं स्टोअर सांभाळतात. मी नवी होते तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे बघून विचारायचं, "कुणी माणूस नाही का आत?" चाचा आतूनच ओरडायचे, "पार्ट्सचं सगळं तीच बघते. मी नुसता शिडी चढणारा!" त्या एका वाक्यावर मी इथे टिकले. त्यामुळे चाचांना गेटवर पाठवायची भाषा कुणी केली की माझं डोकं फिरतं.

साहेबांनी आल्याआल्या खोक्यांवरची नावं बघून सगळे रॅक नव्यानं लावून घेतले. मग मशीन आलं. खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड मारायचा, टुक् आवाज होतो आणि स्क्रीनवर पार्टचं नाव येतं. पहिल्याच सकाळी साक्रीची एक जीप आली, तिला ब्रेक पॅड हवे होते. चाचांनी टुक् केलं, स्क्रीन बघितली आणि खोकं वर्कशॉपमध्ये पाठवलं. थोड्याच वेळात चुडामण मेकॅनिक ते खोकं नाचवत परत आला आणि त्याच्या अहिराणीत ओरडला,

"चाचा, हाऊ ते फिल्टर शे!"

सगळे हसले. दुसरं खोकं दिलं, त्यात वायपर निघाले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाचा चांगलं खोकं कधी टाकत नाहीत. दमट हवेनं एखादं खोकं मऊ पडलं, की त्यातला माल ते दुसऱ्या मजबूत रिकाम्या खोक्यात भरतात. आमच्याकडे सगळेच तसं करतात, माझी आईसुद्धा मिठाईच्या डब्यात सुया ठेवते. पण मशीनला काय कळणार? ते बिचारं खोक्यावरचं खरं मानत होतं.

साहेब भर काउंटरवर म्हणाले, "चाचा, बाहेर एक, आत एक. असं कसं चालेल?"

मी चाचांना रॅकमागे नेलं आणि चांगलंच झापलं. "अहो, पार्टवर नंबर असतो ना? खोकं उघडून वाचायचं की!"

चाचांनी फिल्टर माझ्या हातात दिला. "तू वाच, बेटी."

मी नंबर वाचला. ते हळूच म्हणाले, "शुगरनं डोळे नेले माझे. मोठं दिसतं, बारीक नाही दिसत. आजवर जागेवरून ओळखत होतो. आता रॅक बदलले." इतकी वर्षं शेजारी बसून मला हे कळलं नव्हतं.

मी बोलायला निघाले, तर चाचांनी मला थांबवलं आणि स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी दारात कंबर कसून उभी. चाचांनी सगळं सांगितलं, वर "मी गेटवर बसतो" असंही म्हणाले. आता गेटच, असं मी धरूनच चालले होते.

साहेब उठले, काउंटरवर आले आणि स्क्रीनशी खटपट करत बसले. अक्षरं मोठी झाली, आणखी मोठी झाली, शेवटी एक नाव अख्ख्या स्क्रीनभर पसरलं. "आता?" त्यांनी विचारलं.

चाचा पुढे वाकले. "एअर फिल्टर," ते म्हणाले.

"मग गेटचं काय काढलंय? खोक्यांचं बघा आधी. माझ्या वडिलांचेही डोळे असेच गेलेत." ज्या माणसाला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्या पाया पडावंसं वाटलं मला. पडले नाही, पण चहा मात्र स्वतः करून दिला.

रविवारी सगळे आले. "चाला, बठ्ठा खोका रिकामा करूत," म्हणत चुडामण सगळी खोकी उतरवायला शिडीवर चढला. मी एकेक पार्ट वाचत गेले, साहेब नवी लेबलं काढत गेले, चाचा ती चिकटवत गेले. दुपारी चुडामणच्या घरून भरीत आणि कळण्याच्या भाकरी आल्या. स्टोअरमध्येच जमिनीवर बसून आम्ही जेवलो. इतकं चांगलं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

सोमवारी सकाळी शिरपूरचा एक ड्रायव्हर पार्ट्स न्यायला आला. चाचा एकेक खोकं उचलत होते, टुक् करत होते आणि स्क्रीनवरचं नाव खणखणीत आवाजात वाचत होते. क्लच प्लेट. फॅन बेल्ट. पुढचे ब्रेक पॅड.

ड्रायव्हर वैतागला. "चाचा, हळू वाचा ना. मला ऐकू येतं!"

"बऱ्याच दिवसांनी वाचतोय रे," चाचा म्हणाले. "ऐक की जरा."

तो काउंटरला टेकून ऐकत राहिला. मीही.