करड्या शर्टांची चौकशी

माणसाच्या सर्व दुःखांचं मूळ कपड्यांच्या कपाटात असतं, हे सत्य करणला एकतिसाव्या वर्षी उमगलं. आदल्या वर्षी ते मूळ गव्हाच्या पोळीत होतं, आणि त्याही आधी उशीच्या उंचीत.

सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर असलेल्या या मुलानं मग नगरच्या हवामानाचा आणि शैलीचा अभ्यास केला. ऊन कोरडं, डिसेंबरात सकाळी हुडहुडी, आणि बारा महिने पुणे रस्त्याची धूळ. शैलीचं म्हणावं तर पांढरा कडक शर्ट पुढाऱ्यांनी घेतलेला, पोपटी आणि जांभळा लग्नाच्या वऱ्हाडानं. राहिला करडा. त्यावर धूळ बसली तरी कळत नाही, आणि नाही बसली तरी बसल्यासारखी वाटते, म्हणजे माणूस शहरात मिसळून जातो. एकसारखे करडे सुती शर्ट, गडद निळ्या पँट आणि एक जाकीट एवढंच त्यानं ठेवलं. बाकीचं आईनं, राहीबाईंनी, भांडीवालीला देऊन एक पातेलं घेतलं. याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात, असं करणनं सांगितल्यावर वडील भागवत गुरुजींनी विचारलं, “जेवणाआधी घ्यायची का नंतर?”

याच सुमारास घोडेगावचं स्थळ आलं. मुलगी ज्ञानेश्वरी, एमएस्सी. करणला ती बघताक्षणी आवडली. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा त्यानं तिला सुती कापडाविषयी सविस्तर माहिती दिली. तिनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही, यावरून जमलं असं त्यानं धरलं. याआधीच्या स्थळांनी चहा निवायच्या आत नकार दिला होता, त्यामुळे घरात कुणी मोठ्यानं शिंकतही नव्हतं. आता फक्त चौकशी उरली होती.

चौकशी म्हणजे मुलीकडच्यांनी न सांगता येऊन मुलाची खरी परिस्थिती बघायची. ते काम ज्ञानेश्वरीच्या मामांकडे. पुंजाराममामांचा सारा जन्म घोडेगावच्या बाजारात म्हशी पारखण्यात गेलेला. हल्ली चौकशीत एकच गोष्ट बघतात, मुलगा परमनंट आहे की कंत्राटी.

गुरुवारी संध्याकाळी मामा दारात उभे राहिले. बसले. राहीबाईंनी चहा आणला, तो त्यांनी बोटानं बाजूला सारला.

“घ्या ना, मामा.”

“ऱ्हाऊ द्या.”

मुलीकडच्या माणसानं चहा सारला की पुढं बोलायची गरज नसते. मामा तरीही बोलले.

“गुरुजी, तुमी शिकलेली मानसं. सरळ सांगायचं हुतं, पोरगं कंत्राटी हाय म्हनून.”

“कोण म्हणालं?”

“म्हनायला कशाला पाह्यजे? गेटासमोरच्या टपरीवर बसलो हुतो. सुट्टी झाली. कंत्राटातली पोरं भाईर पडली, सगळ्यांना करडा शर्ट, निळी पँट. त्यात तुमचा करन.”

लेबर पुरवणाऱ्या कंत्राटदारानं कामगारांना हाच गणवेश दिला होता. रंग त्यानंही धूळ बघूनच निवडला असावा.

एवढ्यात करण आला. करड्या शर्टात.

“मामा, हा गणवेश नाही,” सगळं ऐकून तो म्हणाला. “मी हवामानाला साजेसे मोजकेच कपडे ठेवलेत.”

“म्हंजी दुसरे न्हाईत.”

“आहेत की. असेच.”

गुरुजींनी पुरावा म्हणून गॅलरीचं दार उघडलं. दोरीवर करडे शर्ट ओळीनं वाळत होते.

“कंपनी जोडानं देती व्हय?” मामा म्हणाले.

करणनं ओळखपत्र काढलं. मामांनी ते हातातही धरलं नाही. “कारड कुनीबी छापतं. आमच्याकडं एक जन कारडावर तहसीलदार झाल्ता.”

राहीबाईंना राहवलं नाही. त्यांनी करणचं कपाट उघडलं. ती चूक झाली. आत रिकामे हँगर लोंबत होते. म्हशीच्या जबड्यात बघावं तसे मामा वाकून बघत राहिले.

“बाई, ह्यो इथं ऱ्हातो का? का दुसरीकडं बी संसार मांडलाय?”

करण साधेपणावर काही बोलणार होता. आईनं त्याच्याकडे बघितलं. 

“आमचा कानिफनाथ हाय कंपनीत, स्टाफच्या बसवर डायव्हर,” मामांनी मोबाईल काढला. “त्यालाच इचारतो.”

बस उशिरा येते म्हणून मागच्याच महिन्यात करणनं कानिफनाथची तक्रार केली होती. मामांनी स्पीकर लावला.

“कानिफा, भागवत गुरुजींचा करन वळखतो का?”

“वळखतो की. लई किरकिरं मानूस.”

“कंत्राटी हाय ना?”

पलीकडून हॉर्न ऐकू आला. गुरुजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“न्हाई ओ मामा, पक्का परमनंट. पर कापडं आमच्या पोरांवानी घालतो. शिक्युरिटीवाला कंत्राटातला समजून रोज डबा उघडाया लावतो. परवा तर मुकादमानं ट्रॉलीला जुंपला. सायेब गप ढकलत हुता.”

घरात कुणी करणकडे बघितलं नाही. मामांनी चहा ओढून घेतला आणि सायीसकट प्यायला.

“मंग अडलंय कुठं! गुरुजी, सुपारी फोडायची तारीख काढा.”

राहीबाई साखर आणायला आत पळाल्या. करण पहिल्यांदाच खाली बसला. मामांनी तिथूनच घोडेगावला बहिणीला फोन लावला. स्पीकर बंद करायचा राहून गेला.

“आक्का, पोरगं परमनंट हाय. मी सोता खात्री केली.”

“आरं, ज्ञानी तर कवाच न्हाई म्हनलीय. तू बाजारात हुतास, तुला सांगायचं ऱ्हायलं.”

नकार मागच्या शुक्रवारीच झाला होता.