आवडाकाकूंच्या दारातला उतार

“मंजुषा, सगळे म्हणतात आवडाबाई गेली. पण मी तिला जाताना बघितलं नाही. तू एकदा बघून ये ना, बेटा,” रईसा आपा म्हणाल्या होत्या, आणि मंजुषानं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

सोडून द्यायला कारणंही तशीच होती. एक तर समोरच्या आवडाकाकूंनी सगळ्या गल्लीला स्वतःच बजावून ठेवलं होतं, “हा फुफाटा खायला मी काय इथं राहात नसते. सुदर्शन गाडी घेऊन यायलाय, मी चालले बिडकीनला. रस्ता झाला की येईन. आरतीचं ताट तयार ठेवा.” सुदर्शन म्हणजे काकूंचा मुलगा, बिडकीनकडं कारखान्यात नोकरीला. दुसरं म्हणजे शेजारच्या रईसा आपांना शंका काढायची सवयच होती. खिडकीशी शिलाई मशीन, त्यामुळं एक डोळा सुईवर आणि एक गल्लीवर. गुडघे गेलेले, म्हणून रस्त्यासाठी खणलेला खड्डा स्वतः ओलांडून जाणं त्यांना शक्य नव्हतं. शंका तेवढ्या पाठवायच्या.

आणि तिसरं, सगळ्यांत मोठं कारण म्हणजे रेवा. मंजुषाची लेक. नुकतीच पळायला शिकलेली.

गारखेड्यातल्या या गल्लीचं दुखणं जुनं होतं. दर वेळी जुन्या रस्त्यावर नवा थर पडायचा, रस्ता वर चढायचा आणि घरं खाली जायची. मग प्रत्येकानं आपापला ओटा पुढं काढायचा, आपल्या गाडीपुरता उतार करायचा. कुणाचा उतार लादीचा, कुणाचा शहाबादीचा, कुणाचा नुसता मुरमाचा. चालणाऱ्यानं कुठून चालायचं हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. यंदा मात्र जुनं सगळं उकरून काढायचं, दोन्ही बाजूंनी सलग फुटपाथ करायचा आणि प्रत्येक फाटकासमोर बेतानं उतार द्यायचा, असं ठरलं. त्यामागंही आवडाकाकूच. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर हातात आला, आणि फाटकापुढच्या दोन पायऱ्या म्हणजे त्यांना देवगिरीचा किल्ला झाला. वॉकर रिक्षात घालून त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, “मला काय चंद्रावर जायचं नाय, बाबा. कोपऱ्यावरच्या किराण्यापर्यंत जायचंय.”

साहेब हसले, पण नकाशात उतार आला.

मग जेसीबी आला, आणि मंजुषाची झोप उडाली. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होती, पण आई झाल्यापासून तिचा अभ्यासाचा विषय एकच उरला होता, रेवा कुठं कुठं पडू शकते. फाटकाला कडी होतीच, वर तिनं ओढणी बांधली. ओट्यावर उभं राहून ती समोरच्या खड्ड्याकडं बघत राहायची. किती खोल, कडा ढासळतात का, आणि मुख्य म्हणजे पाणी साठतं का. कारण पाणी साठलं तर लेकरू बुडायला बादलीभर पाणीही पुरतं, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून तो खड्डा तिच्या स्वप्नातही यायचा.

“अगं, तो खड्डा तुझ्याकडं बघून लाजायला लागलाय,” तिचा नवरा म्हणायचा.

त्यातच पाण्याचा दिवस आला. या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे सणच. एकदा आलं की पुन्हा कधी, ते नळालाच ठाऊक. त्या दिवशी गल्लीभर मोटारी गुरगुरतात, पिंपं, हंडे, बादल्या बाहेर येतात. मंजुषाचं सगळं ध्यान समोरच्या खड्ड्यावर. कारण आवडाकाकूंच्या अंगणातल्या हौदाला तरंगता बॉल नव्हता. हौद भरला की घराच्या बाजूच्या बोळात जाऊन कॉक हातानं बंद करावा लागायचा. नाही केला, की पाणी हौदावरून फाटकाखालून थेट बाहेर. पण त्या दिवशी खड्डा शेवटपर्यंत कोरडा राहिला. मंजुषानं सुटकेचा निःश्वास टाकला. काकू जाताना कॉक बंद करून गेल्या, बाई शहाणी आहे.

पुढचा पाण्याचा दिवस आला तेव्हा काम बरंच पुढं सरकलं होतं. खड्डे बुजले होते, रस्त्यावर खडी दाबून झाली होती, मंजुषाच्या बाजूचा फुटपाथ गोणपाटाखाली पाणी पीत पडला होता. आता समोरच्या बाजूचा चालू होता. मिक्सर घरघरत होता. शहागंजचा मोईन मुकादम स्वतः लाकडी फळी घेऊन आवडाकाकूंच्या फाटकापुढचा उतार घोटत होता, एखाद्या हलवायानं बर्फीचं ताट घोटावं तसा.

आणि एकाएकी तो ओरडला, “अरे, किसका पानी है ये? पूरा माल धुलके जारा!”

फाटकाखालून पाण्याची धार लागली होती. ओल्या काँक्रीटवरून सिमेंटचं दूध वाहत खडीत उतरत होतं.

“आवडाबाईचं!” वरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. “कॉक उघडा टाकून बिडकीनला जाऊन बसली!”

“दुनियेला नियम शिकवते, अन् स्वतःचं हे असं!”

लोक हसले. मोईन कपाळाला हात लावून पाणी अडवायला वाळूची पाटी घेऊन धावला. मंजुषा रेवाला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होती. तिला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं तो कोरडा खड्डा होता. त्या दिवशी त्यात एक थेंब नव्हता. म्हणजे कॉक बंद होता. आणि बंद केलेला कॉक आपल्या मनानं उघडत नाही.

मग आज तो उघडला कुणी? आणि उघडला, तर बंद का करत नाही?

ती ओट्यावरून उतरून शेजारच्या घराकडं धावली.

“आपा!” तिनं शेजारच्या खिडकीत रेवाला अक्षरशः आत ढकललं. “हिला धरा. सोडू नका. काकू घरात आहेत.”

“या अल्लाह,” एवढंच आपा म्हणाल्या आणि रेवाला घट्ट धरलं.

मंजुषा खडीवरून पळत निघाली. काकूंच्या फाटकापुढं तो ओला उतार होता, नुकता घोटलेला, आरशासारखा. फळी मागायला वेळ नव्हता. तिनं सरळ पाय टाकला. घोट्यापर्यंत रुतला. दुसरा टाकला, तर चप्पल मागंच राहिली.

“ओ मॅडम! नक्को! सुबह से ये एकीच काम कर रहा मैं!”

“मोईनभाई, आत माणूस आहे! म्हातारं माणूस आहे आत!”

मोईनच्या हातातली पाटी तशीच खाली पडली. फाटकाला आतून कडी होती. तो कंपाउंडवरून चढून आत उतरला, त्यानं कडी काढली आणि दोघं पाण्यातून बोळात शिरले.

आवडाकाकू बोळाच्या टोकाला, दोन पिंपांच्या मध्ये बसल्या होत्या. ओल्याचिंब. वॉकर आडवा पडलेला. कॉक त्यांच्या डोक्यावर हातभर वर. एक हात छातीशी धरलेला, डोळे मिटलेले.

“काकू!” मंजुषाला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

काकूंनी डोळे उघडले. “कवाधरून बोंबलायलेय मी! त्या मेल्या मिक्सरपुढं ऐकतंय कोण?” मग मंजुषाच्या पायांकडं बघून, “आधी तो कॉक बंद कर, बाई. किती पाणी चाललंय वाया!”

मोईननं कॉक फिरवला. मंजुषा तिथंच पाण्यात फतकल मारून बसली आणि आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदमच करत राहिली.

“मला काय झालं नाय, तू कशाला रडतीस, मंजे? उठव मला. आणि हे सिमेंट कुणाचं आणलंस पायाला?”

“मेरा है, अम्मा,” मोईन म्हणाला. “तुमारेच उतार का.”

डॉक्टरांनी बघितलं. मनगट मुरगळलं होतं, खुबा शाबूत होता. थंडीनं अंग कापत होतं, तेही गरम दुधानं थांबलं. संध्याकाळपर्यंत तशाच बसल्या असत्या तर, एवढंच डॉक्टर म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या सकाळी सुदर्शन येणार, त्याच सकाळी जेसीबी आला. दारापुढं खड्डा, गाडी गल्लीत येईना, आणि फळीवरून वॉकर कसा न्यायचा? काकूंनी त्याला फोनवरच परत पाठवलं आणि स्वतः घरातल्या डाळ-तांदळावर दार लावून राहिल्या.

“मग आम्हाला सांगायचं ना, काकू!”

“काय सांगू? आरतीचं ताट करा म्हणून बसले होते ना मी! चार लोक हसले असते.” “अन् सुदर्शनला सांगितलं, मंजुषा हाय की समोर. रोज येती, रोज बघती. पोरगं बिनघोर झालं बिचारं.”

गरम दुधाचा पेला मंजुषानं काकूंच्या चांगल्या हातात नीट धरवला आणि त्यांचा हात सोडलाच नाही.

मोईननं तो उतार त्याच संध्याकाळी खरवडून पुन्हा केला. वर झाडू ओढून बारीक रेघा काढल्या, पाय घसरू नये म्हणून. “इस बार कोई चलके नहीं जाएगा,” त्यानं दम दिला, आणि मंजुषाकडं बघून हळूच, “जाना पडा तो जाओ, मॅडम.”

गोणपाटं निघाली त्या दिवशी रईसा आपाही काठी टेकत समोरच्या फुटपाथपर्यंत आल्या. फाटक उघडलं. आधी वॉकर आला, मग काकू. पायरी नव्हती. अडखळ नव्हती. उतारावरून त्या अशा खाली आल्या, जशा रोजच येत होत्या. अंधांना वाट कळावी म्हणून फुटपाथवर बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरश्यांवर रेवा उड्या मारत होती आणि फाटकाची ओढणी मंजुषाच्या गळ्यात होती.

“ताट कुठंय गं आरतीचं?” काकूंनी विचारलं.

“आधी किराणा,” आपा म्हणाल्या. “मग आरती.”

आणि त्या दोघी, एक वॉकरवर, एक काठीवर, कोपऱ्याकडं निघाल्या. मंजुषा मागून बघत राहिली. किती तरी दिवसांनी तिला रस्त्याकडं नुसतं बघता आलं, धोका न शोधता.

तुमच्याही गल्लीत आत्ता रस्ता उकरलेला असेल. समोरचं एखादं दार बंद असेल, आणि सगळे म्हणत असतील, ते गेलेत लेकाकडं. असतील गेलेले. पण तुम्ही त्यांना जाताना बघितलं का? नसेल, तर रईसा आपांचं एवढं ऐका. हे वाचून झालं की फळी टाकून पलीकडं जा, आणि कडी वाजवून बघा.