लिटरभर ॲसिडाचं वजन

वडवणीच्या दूध केंद्रात संध्याकाळी पाचला वजनकाटा दुरुस्त होऊन आला. मंजुषाने खात्री करावी म्हणून त्यावर लिटरभर ॲसिड ठेवलं. बाटलीचं वजन वजा करून काट्याने एक किलो आठशे चाळीस ग्रॅम दाखवलं, आणि तिला काल मापाने केलेलं ॲसिड आठवलं.

दुधाची फॅट तपासायला लागणारं ॲसिड अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं येतं. ते पाणी घालून वजनाने नव्वद टक्क्यांवर आणायचं. हिशेब तिला तोंडपाठ होता. किलोभरात शुद्ध नऊशे ऐंशी ग्रॅम, म्हणून किलोला पाणी एकोणनव्वद ग्रॅम. काल काटा बंद होता, तर या शहाण्या बाईने दुधाचं लिटरचं माप उचललं. दूधवाल्यांना लिटर म्हणजे किलो, ही हाडीमाशी खिळलेली सवय. दुधाला ते चालून जातं. ॲसिडाचा लिटर मात्र पावणेदोन किलोच्या वर भरतो, म्हणजे किलोच्या हिशेबाने पाणी निम्मंच पडलं होतं.

आणि त्या ॲसिडाचा कॅन सकाळच्या दूधगाडीने दिंद्रुडला गेला होता. तिथल्या केंद्रात दूध आणि ॲसिड भरलेल्या फॅटच्या नळ्या हलवायला तिची धाकटी बहीण संगीता होती. ही नोकरी मंजुषानेच हातापाया पडून मिळवून दिलेली. ॲसिड कडक झालं की दूध नळीत उसळतं, बूच उडतं आणि सगळं तोंडावर येतं. साडेपाचला तिथे दूध सुरू व्हायचं. मंजुषाने सात वेळा फोन लावला, पण दूध घेताना संगीता फोन खणात टाकते. तिथल्या केंद्राचे सचिव भगवानराव यांचा फोन बंद.

दूधगाडीचा ड्रायव्हर बंकट याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती निघाली. दर गतिरोधकाला तिला संगीताचे डोळे दिसत होते, आणि ते आंधळे दिसत होते. देवाला काय काय कबूल केलं, तिचं तिलाच आठवेना.

दिंद्रुडला रांग मोडली होती. फरशीवर काचा होत्या. संगीता नळाखाली डोकं धरून बसली होती. गालावर, गळ्यावर लाल चट्टे उठले होते. मंजुषाने तिचा चेहरा वर केला. डोळे लाल होते, पण तिच्याकडेच बघत होते.

"दिसतंय ताई," संगीता म्हणाली. "बूच माझ्याच हातून ढिलं राहिलं आसंल."

भगवानराव मागे उभे राहून बडबडत होते. पोरीला धड बूच लावता येत न्हाई, आधी दवाखान्यात न्या, अन् उद्यापासून येऊ नको म्हणावं. मंजुषाला रडू फुटलं. गप्प राहिलं तर तिची स्वतःची सात वर्षांची नोकरी शाबूत होती; कुणाला काही कळणार नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले.

"तिनं बूच नीट लावलं व्हतं," ती म्हणाली. "ॲसिड म्या केलंय. तोललं न्हाई, मापानं वतलं."

संगीताने ओल्या हाताने तिचं तोंड दाबायचा प्रयत्न केला, पण बोलून झालं होतं.