बिनबापाची पिल्लं

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यापासून थेट रस्त्यापर्यंत माणसं उभी होती आणि जो वरून खाली येत होता तो छातीवर हात ठेवून "पाहिलं हो, मी स्वतः पाहिलं!" असं सांगत होता. पाहायचं होतं ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तारेचा एक पिंजरा, त्याच्या दाराला लाखेची मोहोर, आणि आत, कोपऱ्यातल्या थोड्या मोठ्या पिल्लांपलीकडे, एका पांढऱ्या उंदरिणीच्या पोटाशी वळवळणारी गुलाबी पिल्लं.

"मोहोर शाबूत आहे की नाही? बोट लावून बघा!" फुंकरबाबा ओरडत होता. "आत वाढलेला नर आहे का? शोधा! बापाशिवाय बाळ, आणि तेही दुसऱ्यांदा! कुठे गेले ते शहाणे? या म्हणावं, उत्तर द्या!"

शहाणं कुणीच आलं नव्हतं. समोर होता खालच्या मजल्यावरचा इस्त्रीवाला, आणि त्याने घाईघाईने हात जोडले. बाबाने त्याच्या टाळूवर एक फुंकर मारली. या फुंकरीने आजवर दमा, दातदुखी आणि भाडेकरूची कटकट बरी झाली असं बाबाच सांगत असे, म्हणजे साक्षीदार घरचाच.

घरातली सून आतल्या खोलीच्या दाराला टेकून हे सगळं पाहत होती. तिला आठवा महिना होता. पाय इतके सुजले होते की चप्पल चढत नव्हती, आणि सकाळपासून डोकं घणाचे घाव पडल्यासारखं ठणकत होतं. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. विश्वास नसला म्हणून भीती वाटत नाही असं थोडंच आहे!

सुरुवात झाली ती नातीच्या हट्टापासून. सासूबाईंनी सहा वर्षांच्या नातीसाठी दुकानातून दोन पांढरे उंदीर आणले. नातीने त्यांना नावं ठेवली, चिमी आणि गोमी. नाव पडलं आणि त्यांचं बाईपणही ठरून गेलं. चिमी झोपली, गोमी रुसली, दोघी बहिणी कशा गुण्यागोविंदाने राहतात बघा, असं सगळं घर म्हणू लागलं. आणि एके दिवशी पहाटे चिमीच्या कापसात पिल्लं दिसली.

सासूबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. गेल्या वर्षी सुनेचं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीलाच होता. साधी पाल चुकचुकली तरी त्या दचकायच्या. मुलगा जहाजावर, दूर समुद्रात. विचारायचं कुणाला? शेजारणीने त्याच संध्याकाळी फुंकरबाबाला आणला.

बाबाने पिंजऱ्याभोवती फेरी मारली, डोळे फिरवले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "या घरात निराकार शिरलाय, देह नसलेला. आज उंदरिणीच्या पोटात. उद्या सुनेच्या."

"नाही हो, असं बोलू नका!" सासूबाई रडायला लागल्या.

"खात्री करून घ्या, आई. ही गोमी वेगळ्या डब्यात. वर काळं कापड. चिमी एकटी पिंजऱ्यात, दाराला माझी मोहोर. दाणापाणी तारेतून टाका. तीन आठवडे, फार तर चार. पुन्हा पिल्लं झाली तर समजा, निराकार खरा."

"पण ही पहिली पिल्लं तिच्याजवळच आहेत ना?" सुनेने विचारलं.

"दूधपितं लेकरू कुणाचा बाप झालेलं ऐकलंय का, बाळ?" बाबा हसला. जमलेले सगळे हसले. तिलाही पटलं, आणि पटलं म्हणूनच ती जास्त घाबरली.

त्यानंतर रोज उठल्याबरोबर ती आधी चिमीचं पोट बघायची, मग आपलं. चिमीचं पोट वाढत होतं. एकट्या, मोहोरबंद चिमीचं. तिच्या पोटातलं बाळ लाथ मारायचं तेव्हा पूर्वी ती हसायची. आता लाथ बसली की तिच्या मनात यायचं, हे माझंच आहे ना? आणि असा विचार आला याचीच तिला शरम वाटायची.

आणि आज पिल्लं झाली होती.

"निराकाराला औषध सोसत नाही," बाबाने फर्मान काढलं. "रक्तदाबाच्या गोळ्या बंद. संध्याकाळी हिला या खोलीत एकटीला बसवायचं, दारं-खिडक्या बंद, आणि आत माझी धुरी. उजाडेपर्यंत दार उघडायचं नाही."

"मला चक्कर आली तर?" तिने विचारलं.

"शुद्ध हरपली तर फारच उत्तम. समजायचं, तो निघाला."

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. गोळ्या त्यांनी बाबाच्या सांगण्यावरून सकाळीच कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती. "तुझ्या भल्यासाठीच गं," त्या पुटपुटल्या. त्या दुष्ट नव्हत्या, नुसत्या घाबरलेल्या होत्या. पण दार बाहेरून लावणारा हात घाबरलेला असला तरी कडी लागायची ती लागतेच.

"आणि ती गोमी," बाबा पुढे म्हणाला, "लांब नेऊन सोडा. आत्ताच्या आत्ता. वरचं कापड काढायचं नाही. तिच्याकडे जो बघेल त्याचे डोळे जातील!"

गर्दी दोन पावलं मागे सरली. काळ्या कापडातल्या डब्याला हात लावायला कुणी तयार होईना. इस्त्रीवाल्याला एकाएकी निखाऱ्यांची आठवण झाली आणि तो सटकला.

"मी नेते," सून म्हणाली. त्या घरातून क्षणभर तरी बाहेर पडायला मिळेल, एवढंच तिच्या मनात होतं.

कठड्याला धरत ती खाली उतरली. इमारतीमागच्या भिंतीशी तिला थांबावंच लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. डब्यात गोमी खुडबुडत होती. आणि तेव्हा तिला वाटलं, हा माणूस अख्खा गाव गोळा करून चिमी दाखवतो. मग गोमीकडे का बघायचं नाही?

डोळे जातील. शेवटी बघायचंच तर एका डोळ्याने बघावं, निदान दुसरा उरेल, असा हिशोब करून तिने डावा डोळा घट्ट मिटला आणि कापड ओढलं. गोमीला तळव्यावर घेतलं, शेपटीच्या बुडाशी धरून मागची बाजू हळूच उचलली. शेपटीखाली शेंगदाण्याएवढे दोन ठळक फुगवटे होते.

मिटलेला डोळाही आपोआप उघडला.

कोपऱ्यावर जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी गोमीला उलटं केलं आणि तोंडही वर न करता म्हणाले, "नर आहे. चांगला धडधाकट. नाव काय?"

"गोमी."

"बिचारा!"

तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. मग पुन्हा भीती वाटली. "पण डॉक्टर, पिल्लं झाली त्याच संध्याकाळी याला वेगळं केलं होतं. मग तीन, फार तर चार आठवड्यांत होतील म्हणाले, तशी दुसऱ्यांदा कशी झाली?"

"पिल्लं झाली कधी?"

"पहाटे."

"म्हणजे दिवसभर दोघं एकत्र होती. बाई, उंदरीण व्याली की काही तासांतच पुन्हा नर घेते. तुम्ही नवरा वेगळा केलात, पण दुसरा पाळणा आधीच हलला होता. तीन आठवड्यांनी पुन्हा पिल्लं. अंगावर आधीची पीत असली तर थोडे दिवस आणखी." ते एकदम थांबले. "तीन, फार तर चार आठवडे हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांचं लक्ष तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे गेलं. "मी जनावरांचा डॉक्टर, पण एवढं मलाही कळतं. गोळ्या बंद, डोकं ठणकतंय, आणि वर धूर? आधी हॉस्पिटल."

"मी अशी परस्पर गेले तर आई म्हणतील, निराकाराने नेलं. घरी मुलगी आहे. उद्या तिलाही कोंडतील."

"मग चला, मी येतो. गाडी खाली उभी ठेवू."

वर खिडक्यांच्या फटींत कागद कोंबून झाले होते. धुरीचं घमेलं पेटलं होतं आणि नात पदराआड खोकत होती. सून आत आली, तिने तळहात पुढे केला.

"डोळे मिटा!" बाबा किंचाळला. अख्ख्या खोलीने डोळे मिटले.

"मी बघितलंय," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांनी. मला दिसतंय."

सगळ्यांत आधी नातीने डोळे उघडले. "आजी, गोमीच आहे! कानाला चीर आहे बघ! पण हिला हे काय झालंय?"

"निराकाराने रूप पालटलं!" बाबाने तत्काळ फुंकर मारली.

"रूप तर तू पालटलंयस," दारातून डॉक्टर म्हणाले. "ओळखलं नाहीस? तुझ्या उंदरांना खरूज झाली होती तेव्हा पेट्याच्या पेट्या माझ्याकडे आणायचास. दुकानांना उंदीर पुरवणारा माणूस तू, आणि तुला नर-मादी कळेना? की फक्त तुलाच कळत होतं?"

मग जिन्यातून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, "बाबा, मारा की आता फुंकर!" लोक हसायला लागले. बाबा झोळी उचलून त्या हशातूनच वाट काढत पसार झाला.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मटकन खाली बसल्या. "दुकानदाराने विचारलं होतं," त्या म्हणाल्या, "जोडी हवी का? मला वाटलं, एकटा उंदीर कंटाळेल. मी म्हटलं, हो, जोडीच द्या."

"त्याने जोडीच दिली, आई," सून म्हणाली.

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली. कपाट उघडून गोळ्या सुनेच्या हातात दिल्या. "मी तुला कोंडणार होते गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, आणि गाडीत बसल्यावरही त्यांनी सुनेचा हात सोडला नाही.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि खडसावलं, "रात्रभर धुरात बसली असती तर दोघांपैकी कुणाचीही खात्री मी दिली नसती." त्याच रात्री ऑपरेशन करावं लागलं. मुलगा झाला, अंगाने लहान, आवाजाने मोठा.

वाचकहो, निराकाराचं गुपित एवढंच. एक शब्द चुकला, एक नाव चुकलं, आणि उंदराला एकदा उलटं करून बघायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं नाही, कारण सगळे घाबरलेले होते आणि घाबरलेल्यांचे डोळे मिटवणं सोपं असतं. तेव्हा कुणी "बघू नका" म्हणाला, तर तिथेच आधी बघा. आणि डॉक्टरांच्या गोळ्या कुणाच्या फुंकरीवर सोडू नका.

पिल्लं मोठी होताच त्या घरात नर-माद्या वेगळ्या केल्या. तरी लहान पिल्लांत चूक व्हायची ती झालीच. माद्यांच्या पिंजऱ्यात सोनी नावाची एक होती, आणि थोड्याच दिवसांत तिथे पुन्हा गुलाबी वळवळ दिसली. या वेळी शेजारणीला कुणी हाक मारली नाही. सासूबाईंनी चष्मा लावला, सोनीला उचललं, उजेडात उलटं धरलं आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाल्या, "अगं, हा तर सोन्या आहे!"