सायलीचं शेत आणि रावणाचा मुकुट

मी एक जुना मुकुट आहे. मित्रांनो, मुकुट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सोनं आणि हिरे आले असतील, तर ते आधी बाजूला ठेवा. मी पुठ्ठ्याचा आहे. माझ्यावर बेगड चिकटवली आहे आणि कपाळाशी फुटक्या बांगड्यांच्या काचा बसवल्या आहेत. तरीही मी राजाचा मुकुट आहे, आणि राजाही साधासुधा नव्हे, लंकेचा रावण! तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा तोरा आला तर समजून घ्या.

देवरूखच्या पुढे डोंगरात आमचं गाव आहे. गावाच्या मधून वहाळ वाहतो. त्याच्या एका अंगाला वरची वाडी, दुसऱ्या अंगाला खालची. माझा जन्म खालच्या वाडीत, भिकाजीच्या पडवीत झाला. भिकाजी शेतकरी माणूस. भातं झोडून झाली की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने पुठ्ठा कापला, त्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लावल्या. त्याची बायको यमुनाबाई हिने चिंचोके भिजवून, वाटून, चुलीवर चिकटवायची खळ शिजवली. त्यांची धाकटी मुलगी चिमा शेजारी बसून बोटाने ती खळ चाटत होती आणि आईचे धपाटे खात होती. तेव्हापासून चिमाला मी माझी बहीण मानतो. आम्ही दोघं एकाच पडवीत वाढलो.

शिमग्यात आमच्याकडे नमन होतं, म्हणजे रात्रभर चालणारा सोंगांचा खेळ. त्यात गणपती येतो, गवळणी येतात, संकासुर येऊन पोरांना घाबरवतो आणि सगळ्यांच्या शेवटी रावण येतो. भिकाजी रावण व्हायचा. प्रवेश करताना तो दोन बोटांनी मला किंचित मागे सारायचा आणि मगच पहिलं पाऊल टाकायचा. एवढं केलं की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत तोंड लपवायची. आजूबाजूच्या गावांतून आम्हाला बोलावणी यायची. त्या वर्षांत मी फार सुखात होतो.

पुढे भिकाजीचे गुडघे धरले. त्याचा मुलगा बाबू मुंबईला गिरणीत होता आणि रजा मिळेल तसा येऊन जाऊन असायचा. मग रावण कोण होणार? चिमाचं लग्न वरच्या वाडीतल्या महिपतशी झालं होतं. या जावयाला नमनाचं वेड होतं. भिकाजीने दोन्ही वाड्या देवळात जमवल्या, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालून सगळ्यांकडून शब्द घेतला की आपल्या मागे महिपत रावण होईल आणि मुकुट त्याच्या घरी राहील. सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" बहीण आधीच सासरी गेली होती, तिच्यामागून हा पुठ्ठ्याचा भाऊही गेला. चिमाने मला माजघराच्या खुंटीवर टांगलं. येता-जाता ती माझ्याकडे बघून हसायची.

नंतर भिकाजी वारला. त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला आणि बाबू पत्र्याची ट्रंक घेऊन कायमचा घरी आला. शिमगा जवळ आला तसा तो म्हणू लागला, "ल्योक जिता असताना जावाय रावन व्हतो? मुकुट माज्या बापाचा हाय." देवळात 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्या खालच्या वाडीला आता आपला शब्द आठवेना. मित्रांनो, मी बाबूला दुष्ट म्हणणार नाही. त्याची नोकरी गेली होती, बाप गेला होता. बापाची म्हणून एखादी गोष्ट आपल्याकडे असावी, असं कोणाला वाटत नाही? पण महिपतचंही खोटं नव्हतं. शब्दाला शब्द वाढला, हातघाई झाली आणि नमन मोडलं. घरी येऊन महिपतने चिमाला बजावलं, "त्या घराची पायरी परत चढाची न्हाय."

माझ्यासारख्या पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी एका बाईचं माहेर बंद झालं. तेही कसं? हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर! चिमा वहाळावर कपडे धुवायला जायची, तेव्हा पलीकडे यमुनाबाई हंडा घेऊन यायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या. बोललं तर कोणीतरी घरी सांगेल, म्हणून बोलायच्या नाहीत. मला धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. दर शिमग्याला नवरा घरात नसताना चिमा मला खाली काढायची, पदराने पुसायची आणि परत ठेवायची. तेवढं एकच माहेरचं माणूस तिच्याजवळ राहिलं होतं.

अशी सात वर्षं गेली. मग आमच्या गावच्या शाळेत लीलाबाई आल्या. त्या मूळच्या मुरुडच्या. इतिहास शिकवायच्या. पुस्तकात युरोपातल्या राजांच्या लढायांचा धडा होता आणि मुलांच्या डोक्यात त्यातलं काहीच शिरत नव्हतं. ऑस्ट्रिया कुठे, प्रशिया कुठे, कोण कोणाशी लढलं आणि कशासाठी? बाईंनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, "यंदा स्नेहसंमेलनात याचं नाटक करू." मुलं हरखली. कोकणातल्या माणसाला नाटक म्हटलं की तापसुद्धा उतरतो.

मारिया थेरेसा राणीचं काम मिळालं तुळसाला, म्हणजे महिपत आणि चिमाच्या मुलीला. प्रशियाचा राजा फ्रेडरिक झाला लवू. लवू कोण? बाबूचा मुलगा! घरं एकमेकांशी बोलत नव्हती, पण मामेभाऊ आणि आतेबहीण शाळेत एका बाकाच्या अंतरावर बसत होती.

बाई मुकुट मागायला महिपतच्या घरी आल्या. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "मुकुट एक आणि राजे चार. ज्याचा प्रवेश असेल त्याच्या डोक्यावर तो जाईल. लवूच्यासुद्धा."

"मंग न्हाय," महिपत म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला.

चिमा चुलीपुढे बसली होती. तिने लाकडं मागे ओढली, माळ्यावर चढून मला खाली काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. "न्या, बाई," एवढंच म्हणाली. नवऱ्याचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता.

अशा रीतीने लंकेचा राजा व्हिएन्नाच्या राणीकडे चाकरीला लागला. तालमीत बसून मी तो सगळा इतिहास शिकलो. ऐका, तुम्हालाही सांगतो. ऑस्ट्रियाच्या सम्राटाला मुलगा नव्हता. आपल्या मागे राज्य मुलीला, म्हणजे मारिया थेरेसाला, मिळावं म्हणून त्याने आयुष्यभर धडपडून युरोपातल्या राजांकडून शब्द घेतला. त्यांनीही आपापल्या परीने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. सतराशे चाळीस साली सम्राट वारला आणि दोन महिन्यांच्या आत फ्रेडरिकने सैन्य घालून तिचा सायलेशिया नावाचा सुपीक मुलूख घेतला. हे ऐकताना मी दचकलो. शब्द घेणारा बाप गेला की शब्दही जातो, हे मी आमच्या गावात पाहिलं होतं, आणि ते लांबच्या युरोपातही घडलं होतं.

सायलेशिया हे नाव काही आमच्या मुलांच्या जिभेवर बसेना. आधी 'सायलीशिया', मग 'सायलीशेता' आणि शेवटी सरळ 'सायलीचं शेत' झालं. मुलांनी ते घरोघर नेलं. पाणवठ्यावर बायका एकमेकींना विचारू लागल्या, "गो, ता सायलीचा शेत मिळाला काय परत?" कोण्या सायली नावाच्या बाईचं शेत शेजाऱ्याने बळकावलं आहे, अशी अर्ध्या गावाची समजूत झाली. सगळ्यांना तिची दया येत होती. यमुनाबाई तर लवूला रोज तालमीची खबर विचारायची.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी ऊन उतरल्यावर दोन्ही वाड्या शाळेच्या मैदानात जमल्या. पोरांचं काम बघायला कोण येणार नाही? वरची वाडी उजवीकडे बसली, खालची डावीकडे, आणि मधे बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी राहिली.

नाटक सुरू झालं. तुळसा मला घालून उभी राहिली आणि ठसक्यात म्हणाली, "माझ्या वडलांना दिलेला शब्द तुम्ही विसरलात?" उजवीकडून टाळ्या पडल्या. ती आत गेली, पडद्यामागे मला लवूच्या डोक्यावर ठेवलं गेलं आणि तो बाहेर आला. महिपतला माहीतच नव्हतं की मी माळ्यावर नाही. तुळसाच्या डोक्यावर मला बघून तो आधीच चपापला होता. आता खालच्या वाडीच्या पोराच्या डोक्यावर मला बघून ताडकन उठला. बायकांत बसलेल्या चिमाने डोळे मिटून घेतले. आता नाटक मोडणार, घरी जाऊन काय होणार, सगळं तिला दिसत होतं.

तेवढ्यात लवूने दोन बोटांनी मला किंचित मागे सारलं आणि पहिलं पाऊल टाकलं.

त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. आजोबांचं काम त्याने अगदी लहानपणी पाहिलं असेल, तेवढंच. पण महिपत याच दोन बोटांकडे बघत रावण शिकला होता. तो उभ्याचा उभा राहिला. मागून कोणीतरी "बसा की!" म्हणालं, तेव्हा तो हळूच खाली बसला आणि त्याने उपरण्याने डोळे पुसले.

नाटक पुढे चाललं. काल एकमेकांच्या जिवावर उठलेले राजे आज मित्र झाले आणि मित्र शत्रू झाले. ऑस्ट्रियाने जुन्या वैऱ्याचा, फ्रान्सचा हात धरला, इंग्लंड प्रशियाकडे गेलं. सात वर्षं लढाई झाली. फ्रेडरिक पार खचला होता, इतक्यात त्याच्यावर चालून आलेली रशियाची राणी वारली आणि तिच्या गादीवर आलेला राजा निघाला फ्रेडरिकचाच भक्त! फ्रेडरिक वाचला. शेवटी सगळे दमले आणि तह झाला. या प्रवेशात राजा आणि राणी दोघंही रंगमंचावर हवीत, मग मुकुट कोणाला? बाईंनी तोड काढली होती. त्यांनी मला मधे एका स्टुलावर ठेवलं.

बाईंनी तहाची कलमं वाचून दाखवली. सगळ्यांनी या सात वर्षांच्या लढाईआधीच्या हद्दींवर परत जायचं. सायलेशिया फ्रेडरिककडे होता, तो त्याच्याकडेच राहील.

डाव्या बाजूने यमुनाबाई उठून उभी राहिली. "म्हंजे सायलीचा शेत परत न्हाय गावला?"

"नाही, आजी," बाई म्हणाल्या.

"सात वर्सांपूर्वी हुता तितंच ऱ्हायला?"

"हो. होता तिथेच."

"मंग एवडी मानसा मेली ती कशाला?"

लवू राजाचा आव सोडून म्हणाला, "आजी, पुस्तकात तसाच हाय गो!" मैदानभर हशा पिकला. यमुनाबाई हसली नाही. तिने उजवीकडच्या बायकांत चिमाला शोधलं आणि म्हणाली, "माजी चिमा सात वर्सं पल्याड हाय. तिला मी लांबून बगत्ये. मुकुट हुता तितंच हाय."

एवढं बोलून ती खाली बसली. बाबू खाली मान घालून गवताच्या काड्या मोडत राहिला. महिपत माझ्याकडे बघत होता. मित्रांनो, मी आयुष्यभर मिरवलो, पण त्या स्टुलावर बसून मला पहिल्यांदाच लाज वाटली.

त्या दिवशी कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. आमच्याकडची माणसं तशी नाहीत. घरी गेल्यावर महिपत मला मांडीवर घेऊन उंदरांनी खाल्लेला कोपरा चाचपत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला फडक्यात बांधलं आणि चुलीपाशी आणून ठेवलं. म्हणाला, "उंदरांनी ह्येचा कोपरा खाल्लाय. तुज्या आवशीला खळ कराया येते. जा, डागडुजी करून घेऊन ये. बाबूला सांग, शिमग्याला रावन लवू व्हईल. मी त्याला शिकवीन."

"आता जाव?" चिमाने विचारलं.

"मंग कदी? मुकुट काय चालत जाईल?"

चिमाने मला छातीशी धरलं आणि ती निघाली. वहाळ ओलांडताना ती इतक्या भरभर चालत होती की मीच पाण्यात पडतो की काय असं मला वाटलं. पलीकडे यमुनाबाई हंडा घेऊन उभी होती. तिने हंडा तिथेच ठेवला.

त्या शिमग्याला नमन झालं. म्हातारा गडी चाकरीतून सुटावा तसा मीही सुटलो, कारण मुंबईकर मंडळींनी लवूसाठी नवा चकचकीत मुकुट आणला. रात्री बत्तीपुढे तो माझ्यापेक्षा जास्त चमकतो, हे मला कबूल करावं लागेल. आता मी कोणाच्या डोक्यावर जात नाही. पण दरवर्षी शिमग्याच्या आधी महिपत मला खाली काढतो, उलटसुलट करून बघतो आणि गंभीरपणे म्हणतो, "खळ सुटली वाटता. जा गो, आवशीकडं घेऊन जा." खळ सुटलेली नसते. ते त्यालाही माहीत असतं, चिमालाही आणि तिकडे चिंचोके भिजत घालून बसलेल्या यमुनाबाईलाही.

म्हणून मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकून देण्याआधी जरा थांबा. ती काय कामाची आहे असं विचारू नका, तिच्या निमित्ताने कोण कोणाकडे जातं तेवढं बघा. आणि माझी एकच विनंती आहे. मला जपा, पण फार पक्कं चिकटवू नका. माझी एखादी काच निखळलेली राहू द्या.