जालमसिंगांचा हात
खांडबाऱ्याच्या आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत कहकशाँने तोच ठेका अकराव्यांदा लॅपटॉपमध्ये घेतला, आणि अकराव्यांदा तो बिघडला.

जालमसिंग म्हणजे सातपुड्यातले नावाजलेले ढोलवाले. सहा वर्षांपूर्वी तिने त्यांच्याकडून आपल्या पॅडच्या मशीनवर, हातांनी ठोकून ढोल वाजवायच्या यंत्रावर, बारा चाली वाजवून घेतल्या होत्या. गेल्या साली अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. आता मशीनही शेवटच्या घटका मोजत होतं. पडदा मधेच मिटायचा; दोन चाली आपोआप पुसल्या गेल्या होत्या. उरलेल्या दहा लॅपटॉपमध्ये आणायच्या, एवढंच काम.

तेच जमेना. मशीन एकटं वाजे तेव्हा ढोल झुलत यायचा. केबलमधून लॅपटॉपमध्ये उतरला की एखादा ठोका आधी पडे, एखादा मागे राही, आणि दर वेळी वेगळाच! तिने केबल बदलली, नेट बंद केलं, सुरतहून नवा जोड मागवला. छे! शेवटी रडकुंडीला येऊन तिने सगळे ठोके पडद्यावरच्या रेघांवर ओढून सरळ केले आणि समोर बसलेल्या जालमसिंगांना ऐकवले.

"हाऊ मन्हा हात नही, बेटी." मग दोन्ही यंत्रांकडे बघत त्यांनी विचारलं, "कोन कोना मांगे पयी ऱ्हायनं?"

कहकशाँ चपापली. ताल लॅपटॉप देत होता आणि जुनं मशीन त्याच्यामागे धापा टाकत धावत होतं. तिने लॅपटॉपचं ताल देणं बंद केलं. मशीनला त्याच्याच लयीत सोडलं आणि ठोक्यांच्या नोंदी घेण्याऐवजी सरळ त्याचा आवाजच भरून घेतला. जालमसिंगांची मान डोलू लागली. सात चाली जशाच्या तशा आल्या.

आठवीच्या मध्यावर पडदा विझला. तिने बटण दाबलं, वायर हलवली, मशीनला थापट्या मारल्या, अल्लाचं नाव घेतलं. पडदा एकदाचा उजळला तेव्हा आत एकही चाल नव्हती.

"होळीनी चाल उनी का?" जालमसिंगांनी विचारलं.

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. जीभ रेटेना.

"नाही, दादा. ती दहावी होती." तीच आधी का घेतली नाही मी, या विचाराने तिचा जीव तळमळला.

जालमसिंग डाव्या हाताने उजवा हात चोळू लागले.

"मन्हा पोऱ्या फुलसिंग मांगे लागेल व्हता, शिकाड म्हने. मीच शिकाडी नही. मशीनमा शे ना, कसाले शिकाडानी?"