डंजनेसच्या वाळवंटात पाच शिट्ट्या

"वाळवंट म्हणून आणलंत आणि हे गोटे?" धम्मशीलाने मोटरहोमच्या दारातूनच विचारलं.

प्रमोदराव ड्रायव्हरच्या सीटवर बसून दुर्बीण पुसत होते. उत्तर नाही. आता बाहेर खरंच नुसते गोटे होते. समुद्रापर्यंत गोटे, दीपगृहापर्यंत गोटे, पार त्या बंद पडलेल्या अणुवीज केंद्राच्या भिंतीपर्यंत गोटेच गोटे. मध्ये कुठे एखादं काळं लाकडी घर, कुठे गंजलेली होडी. असं काही बघितल्यावर माणूस निदान "अगं हो" तरी म्हणतो. पण नाही. धम्मशीलाने वाट बघितली, मग दार लावून घेतलं. दाराचा आवाज जरा मोठाच झाला. त्याच्याकडेही कुणी लक्ष दिलं नाही.

खरं तर जायचं होतं अ‍ॅरिझोनाला. मिल्टन कीन्सच्या ऑफिसात प्रमोदरावांच्या टेबलामागे त्या तांबड्या वाळवंटाचा फोटो वीस वर्षं लटकत होता. रिटायर झालो की मोठी गाडी भाड्याने घ्यायची आणि आपण दोघांनीच महिनाभर भटकायचं, हा बेत. मग त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि बेत बारगळला. धम्मशीलाला वाटलं, सुटलो. तर गेल्या ऑक्टोबरात साहेबांनी मोटरहोमच विकत घेतलं! घेण्याआधी तीन आठवडे टेप घेऊन मापं काढत होते. पलंग केवढा, टेबल केवढं, हिचा कुकर मावेल एवढं कपाट आहे का. जन्मभर इंजिनियरिंग केलेला माणूस, मोजल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. आणि कुठेतरी त्यांनी वाचलं, की केंटमधल्या डंजनेसला लोक ब्रिटनचं एकमेव वाळवंट म्हणतात. हवामान खात्याला ते मान्य नाही म्हणे, पाऊस जास्त पडतो. पण प्रमोदरावांना वाळवंट हवंच होतं, मग खात्याला कोण विचारतो?

आठ महिन्यांत वेल्स झालं, कॉर्नवॉल झालं, मुलाला भेटायला एडिनबरापर्यंत जाऊन झालं. आणि या आठ महिन्यांत धम्मशीलाच्या लक्षात एक गोष्ट आली. नवरा आपल्याशी बोलत नाही. ती बोलायची. रस्त्यातल्या मेंढ्यांबद्दल, विहारातल्या भांडणांबद्दल, तिच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल. ते समोर बघत मान हलवायचे. फार झालं तर "हो, हो". रविवारच्या वंदनेला विहारात येणंही त्यांनी बंद केलं होतं. लोक विचारायचे, तेव्हा ती म्हणायची, पाठ दुखते त्यांची. एडिनबराहून सम्यकचा फोन आला की तोही विचारायचा, "आई, बाबा फोनवर नुसता हो हो म्हणतो. तो अपसेट आहे का?" काय सांगणार त्याला, कपाळ?

घरात निदान उठून दुसऱ्या खोलीत जाता येतं. सहा मीटरच्या डब्यात न बोलणाऱ्या माणसाबरोबर कुठे जायचं? चाळीस वर्षं संसार झाला, ह्यांचं माझ्याशी बोलायचं सगळं बोलून संपलं, असं तिला वाटायला लागलं होतं. फार वाईट असतं हो असं वाटणं. रात्री झोप लागत नाही.

म्हणून तिने ठरवलं, गाडी विकायची. वॉटफर्डच्या हरीशभाऊंना असली गाडी हवीच होती, ते शनिवारी बघायला येणार होते. आणि आज सकाळीच, एम ट्वेंटी हायवेवर, तिने मन घट्ट करून सांगून टाकलं होतं, "अहो, ऐका ना. ही गाडी आपण विकून टाकू. हरीशभाऊ शनिवारी येतायत. चालेल ना तुम्हाला?"

प्रमोदरावांनी रस्त्यावरची नजर न काढता मान हलवली. "हो, हो. छान."

छान! वीस वर्षांचं स्वप्न विकायला काढलं आणि माणूस छान म्हणतो! एकदा भांडले असते, तरी चाललं असतं. धम्मशीला खिडकीबाहेर बघत बसली. डोळे भरून आले होते, ते तिने ह्यांना दिसू दिले नाहीत. ही शेवटची सहल. शनिवारी गाडी गेली, की संपलं.

पण धम्मशीलाचं एक होतं, तिला राग धरून बसता यायचं नाही. काही नवं दिसलं की पाय वळवळायलाच लागायचे. आताही काचेतून तिला गोट्यांमध्ये कोबीसारखं काहीतरी दिसलं. ना माती, ना वाफा, आणि दगडातून कोबी? वर पांढरी फुलंसुद्धा! बघायलाच हवं. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून तिने रात्री भिजवलेले काळे चणे कुकरला लावले, गॅस पेटवला आणि प्रमोदरावांच्या समोर जाऊन, थेट तोंडापुढे हाताची पाच बोटं धरली.

"मी जरा बाहेर जाऊन येते. पाच शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. पाच!"

"पाच. कळलं," प्रमोदराव म्हणाले आणि त्यांनी पार्किंगच्या तिकिटाची मागची बाजू आणि पेन्सिल काढून ठेवली. हे त्यांचं नेहमीचं. एक शिट्टी, एक रेघ. घरोघरी नवऱ्यांना शिट्ट्या मोजायला सांगतात, पण त्याचं रेकॉर्ड ठेवणारे हेच.

गोट्यांवर चालणं म्हणजे शिक्षा. पाऊल टाकावं तर घोट्यापर्यंत आत, दोन पावलं पुढे आणि एक मागे. पण कोबी खरंच कोबीसारखा निघाला. जाड, निळसर पानं, कडा झालरीसारख्या. जवळच एक म्हातारा आपल्या होडीला रंग देत होता. धम्मशीलाने त्याला गाठलंच. हे काय? हे खातात का? पाणी कुठून मिळतं याला? म्हाताऱ्यालाही कुणीतरी विचारायला हवंच होतं. सी केल म्हणतात त्याला, तो म्हणाला, आणि मुळं पार खोल जातात, वरून कोरडं दिसतं एवढंच. धम्मशीला वाकून एका पानाला हात लावत होती, तेवढ्यात वाऱ्याबरोबर कुकरची शिट्टी आली. ही दुसरी. पहिली वाटेत ऐकली होती. तिचे कान नेहमी स्वयंपाकाकडेच असायचे, मग ती कुठेही असो.

मग पलीकडच्या स्टेशनात पर्यटकांची एक छोटी, वाफेवरची आगगाडी शिरली आणि तिने घोगरी, लांबलचक शिट्टी दिली. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. धम्मशीलाला गंमत वाटली. इथे इंजिन शिट्टी मारतंय, तिथे माझा कुकर. तिसरी झाली, चौथी झाली. पाचवी झाल्यावर तिला बरं वाटलं. आता बंद करतील.

सहावी झाली.

सातवी झाली, तेव्हा तिने म्हाताऱ्याचा निरोप घेतला. आठवीला ती गोट्यांतून पळत सुटली होती. गुडघा ठणकत होता, चप्पल निसटत होती आणि तोंडाने सुरूच होतं, "एवढं एक काम सांगितलं! एवढं एक! तेही नको यांना माझं!"

दार उघडलं तर आत नुसती वाफ. आणि प्रमोदराव कुकरकडे पाठ करून, उजवीकडची काच अर्धी खाली घेऊन, दुर्बिणीतून दीपगृह बघत होते. अगदी सुखात. मांडीवर ते तिकीट. तिकिटावर रेघा दोन.

धम्मशीलाने तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच कुकर पुन्हा किंचाळला. त्या एवढ्याशा जागेत तिच्या कानठळ्या बसल्या. प्रमोदरावांचा केससुद्धा हलला नाही.

ती जागच्या जागी थांबली. गॅस बंद केला. तेवढ्यात स्टेशनातून निघालेल्या आगगाडीने घोगरी शिट्टी दिली. प्रमोदरावांनी दुर्बीण मांडीवर ठेवली, पेन्सिल उचलली आणि काळजीपूर्वक तिसरी रेघ ओढली.

अगं बाई.

धम्मशीला दोन सीटांच्या मधे, त्यांच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. चाळीस वर्षांत तिने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. आईने वडिलांना तशी हाक मारली नाही, सासूने सासऱ्यांना नाही, तिनेही नाही. 'अहो'वर सगळं भागलं होतं. आता ती त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाली, "प्रमोद."

काही नाही. पुन्हा म्हणाली. मग जरा मोठ्याने, "प्रमोद!"

प्रमोदराव पेन्सिलीचं टोक बघत होते.

ती खाली उतरली, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि अर्ध्या उघड्या काचेला तोंड लावून तेवढ्याच आवाजात म्हणाली, "प्रमोद."

दुर्बीण धाडकन खाली पडली. "अगं! काय म्हणालीस तू?"

"तेच. आत तीनदा म्हणाले. डाव्या कानाशी."

प्रमोदरावांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी तिकीट उलटं केलं, जणू रेघा लपवून आता काही उपयोग होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"डावा गेला त्याला दोन वर्षं झाली. उजव्याने येतं, पण बारीक आवाज येत नाहीत."

"दोन वर्षं! आणि बायको कोण हो तुमची? तीस वर्षं म्हाताऱ्यांच्या वॉर्डात सिस्टर होते मी! नव्या पोरींना शिकवायचे, आधी बघा पेशंटला कुठल्या कानाने ऐकू येतं, मग त्या बाजूला उभ्या राहा. जगाला शिकवलं आणि माझ्या घरात मला दिसलं नाही!" तिचा राग ह्यांच्यावर होता की स्वतःवर, तिलाच कळेना. ती रडत होती आणि ओरडतही होती. होडीवरचा म्हातारा ब्रश हातात धरून बघत राहिला.

"विहारात," प्रमोदराव खाली बघत म्हणाले, "त्रिसरण-पंचशील चाललं होतं. सगळे थांबले आणि मी एकटाच म्हणत राहिलो. मोठ्याने. पोरं हसली. त्यानंतर नाही गेलो. आणि कानाला मशीन लावलं की लोक लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात गं. तूही तशीच बोलशील, याची भीती वाटली."

"म्हणून ही गाडी? माणसं नकोत म्हणून?"

"नाही गं." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "घरात टीव्ही, डिशवॉशर, तुझा फोन, आल्यागेल्याची बडबड. चार आवाज एकत्र झाले की मला नुसता गोंगाट. म्हटलं, गाडीत तू एकटीच. तुझं सगळं ऐकू येईल. पलंग मोजला, टेबल मोजलं, कपाट मोजलं. फक्त एवढंच लक्षात आलं नाही, की चालवणार मी. म्हणजे तू कायम डावीकडे. त्यात इंजिन. एकदा कळल्यावर तुला सांगायची लाज वाटली."

धम्मशीलाने पदराने नाक पुसलं. "सकाळी एम ट्वेंटीवर मी काय म्हणाले?"

प्रमोदराव विचारात पडले. "चहाला थांबू म्हणालीस ना? चहाचंच काहीतरी होतं."

"गाडी विकू म्हणाले. हरीशभाऊ शनिवारी येतायत. तुम्ही छान म्हणालात."

ते नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. तिने कितीतरी वॉर्डांत, कितीतरी माणसांचे चेहरे पडलेले बघितले होते, पण हा चेहरा तिला बघवेना.

"मग विकायची?" शेवटी त्यांनी विचारलं.

धम्मशीलाने आत जाऊन कुकर उघडला. चण्यांचं पार पिठलं झालं होतं. तेच तिने फोडणीला टाकलं, ठेच्याबरोबर दोघांनी खाल्लं. भांडी बांधून ठेवली. मग निघायला दोघं खाली उतरले, तर तीच ड्रायव्हरच्या दाराशी गेली आणि दार उघडून चढून बसली.

"अगं, हे काय? तुझी छोटी मायक्रा नाही ही!"

"मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट तीस वर्षं फिरलेय मी. आणि इन्शुरन्सवर माझंही नाव आहे, तुम्हीच घातलंय. बसा तिकडे."

"पण..."

"तिकडे बसा म्हणते ना! उजवा कान माझ्याकडे येईल असे."

प्रमोदराव वळसा घालून डावीकडच्या सीटवर येऊन बसले. धम्मशीलाने सीट पुढे ओढली, आरसे वळवले. तिने आवाज अगदी नेहमीचाच ठेवला. ना मोठा, ना सावकाश.

"शुक्रवारी कान तपासायला जायचं. मशीन सांगितलं तर लावायचं. आणि रविवारी माझ्याबरोबर विहारात. हे जमणार असेल, तरच हरीशभाऊंना नको म्हणून कळवते. नुसतं छान म्हणू नका. मी काय म्हणाले, परत सांगा."

"शुक्रवारी कान. मशीन. रविवारी विहार," प्रमोदराव म्हणाले. मग सीटबेल्ट लावत, "आणि हरीशला नको."

शब्दन् शब्द! तिने तोंड पलीकडे फिरवलं, नाहीतर पुन्हा रडू आलं असतं.

"शीला," ते म्हणाले, "आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"आठ महिने तू बोलत होतीस. ते सगळं राहिलंच की."

"सगळं परत सांगू? मेंढ्यांसकट?"

"मेंढ्यांसकट. पहिल्यापासून."

धम्मशीलाने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ऑक्टोबरपासून सुरुवात केली.